ओमान तेलातून सुटलं का? येण्याची वही काय सांगते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही सांगलीत अर्थशास्त्रात एम.ए. करताय, थोरला भाऊ ओमानमध्ये सोहारला नोकरीला आहे, आणि तेलाबाहेरचे उद्योग आता ओमानच्या एकूण उत्पादनात सत्तर टक्क्यांच्या आसपास आहेत असं तुम्ही वाचलंत. मग ओमान तेलातून सुटलं म्हणायचं का? आणि नसेल, तर आजवर कुठला देश सुटलाय का?

मी विद्यापीठात शिकवणारा माणूस नव्हे. कॉस्ट अकाउंटंट आहे. १९९४ ते २०१९ अशी पंचवीस वर्षं मस्कतमध्ये काढली, त्यातली बहुतेक एका रेडीमिक्स काँक्रीटच्या कंपनीत, हिशेब आणि वसुली सांभाळत. त्यामुळे माझं उत्तर वसुलीवाल्याचं आहे. सत्तर टक्क्यांचा आकडा खोटा नाही, पण तुम्हाला जे विचारायचंय त्याचं उत्तर त्यात नाही. तेलाबाहेरचा उद्योग कुठला हे सरकार धंद्याच्या नावावरून ठरवतं. सिमेंट, हॉटेल, वाहतूक, बँक, शिकवणी, सगळं तेलाबाहेरचं. त्या धंद्याचं बिल शेवटी कुणाच्या खिशातून भरलं जातं हे त्या तक्त्यात कुठेच येत नाही. आणि खरी गोम तिथेच आहे.

हे मला ओमानला जायच्या आधीच ठाऊक असायला हवं होतं. माझं गाव संगमेश्वर तालुक्यात, वडील लालबागच्या गिरणीत. दर महिन्याच्या दहा तारखेच्या मागेपुढे पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा. गावात एक वाणी, दोन शिंपी, तीन-चार गवंडी, एक पिठाची चक्की. त्या काळी कुणी आमच्या गावाचं उत्पन्न मोजायला बसलं असतं तर त्याला दुकानदारी सापडली असती, बांधकाम सापडलं असतं, शिवणकाम सापडलं असतं, थोडी भातशेती सापडली असती. कापडगिरणी कुठेच नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. पावसाळ्याच्या आत वाण्याने उधारी बंद केली, घराच्या चिऱ्यांचं काम अर्ध्यात थांबलं, आणि एक शिंपी मशीन विकून चिपळूणला गेला. गावातला एकही माणूस गावात बसून गिरणीत काम करत नव्हता, पण गाव गिरणीवर जगत होतं.

मस्कतमध्ये हेच मी मोठ्या आकड्यांत पाहिलं.

आमचं काँक्रीट जायचं ते मुख्यतः रस्ते, शाळा, मंत्रालयांच्या इमारती, सरकारी घरं यांच्या कंत्राटदारांना. व्यवहार असा चालतो : कंत्राटदाराचं महिन्याचं काम सल्लागार मोजतो, पेमेंट सर्टिफिकेट काढतो, त्यातून दहा टक्के रिटेन्शन, म्हणजे कामाची हमी म्हणून राखून ठेवायची रक्कम, कापलं जातं, मग ते मंत्रालयात जातं आणि तिथून पैसे सुटतात. तोवर आम्ही कंत्राटदाराला उधारीवर माल देतो, हातात त्याचे पुढच्या तारखांचे चेक. काँक्रीट काही गोदामात ठेवता येत नाही. प्लँटमधून मिक्सर निघाला की दीड तासाच्या आत ओतलं गेलं पाहिजे. म्हणजे माल गेला तो गेला, परत आणायची सोय नाही. म्हणून आमच्याकडे दर मंगळवारी एकच कागद वाचला जायचा : कुणाकडे किती येणं, किती दिवसांचं.

२०१४ च्या जूनमध्ये तेल पिंपाला ११५ डॉलरच्या घरात होतं. २०१६ च्या जानेवारीत ते तिशीच्या खाली आलं. गंमत अशी की पहिले सहा-आठ महिने आम्हाला काही जाणवलंच नाही. जुनी कंत्राटं चालू, मिक्सर रात्रंदिवस फिरतायत. मग मंगळवारच्या कागदावर नव्वद दिवसांचा रकाना रोडावत गेला आणि एकशेऐंशीचा फुगायला लागला. २०१६ च्या मध्यात आमची काही मोठी येणी दोनशे दिवसांच्या पुढे होती. एका शाळेच्या कंत्राटदाराकडे मी सलग पाच आठवडे जाऊन बसलो. माणूस सज्जन. प्रत्येक वेळी गावा, म्हणजे तिकडची कॉफी, आणायचा, हलवा खायला घालायचा आणि सही झालेलं सर्टिफिकेट दाखवायचा. सही होती, शिक्का होता, फक्त पैसे नव्हते. ‘बुकरा, इन्शाल्ला.’ उद्या, देवाची इच्छा असेल तर. त्या वर्षी ओमानच्या सरकारी अंदाजपत्रकातली तूट ५.३ अब्ज रियाल होती. त्यातले काही हजार रियाल त्या बिचाऱ्याचे आणि पर्यायाने आमचे.

मग साखळी सुटत जाते. त्याने आमचे थकवले, आम्ही सिमेंटवाल्याचे आणि टिपरवाल्याचे थकवले, टिपरवाल्याने ड्रायव्हरांचे. आमच्या घला औद्योगिक वसाहतीत एक मलयाळी कॅफेटेरिया होता, शंभर बैशांत, म्हणजे रियालच्या दहाव्या हिश्शात, कडक चहा. संध्याकाळी तिथे गाड्यांची रांग लागायची. त्या वर्षी मालक मला म्हणाला, साहेब, चहा तेवढाच खपतोय, पराठा बंद झालाय. त्याला तेलाचा भाव माहीत नव्हता, पण त्याच्या पराठ्याला होता. आणि सरकारी तक्त्यात तो ‘हॉटेल व उपाहारगृहे’ या तेलाबाहेरच्या क्षेत्रात मोडत होता! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

त्याच काळात आमची एक-दोन गिऱ्हाइकं मात्र अशी होती की ज्यांचे पैसे साठाव्या दिवशी यायचे, तेल शंभरावर असो की तिसावर. ती सोहारच्या बंदर-वसाहतीतली होती, त्यांचा माल देशाबाहेर जायचा, आणि त्यांना पैसे देणारा माणूस ओमानच्या मंत्रालयात बसलेला नव्हता. तेव्हापासून एखादा तेलदेश किती सुटलाय हे विचारलं की मी टक्केवारी बघत नाही. तेल पडलं त्या वर्षी कुणाकुणाची बिलं वेळेवर भरली गेली ते विचारतो.

आता तुमच्या सत्तर टक्क्यांकडे. त्याच ओमानच्या सरकारी तिजोरीत बघा. तिथे अजूनही दोन तृतीयांशांहून जास्त महसूल तेल आणि गॅसचा आहे. उत्पादनाच्या तक्त्यात तेल धाकटं, तिजोरीत तेल थोरलं. दोन्ही आकडे खरे, आणि दोन्ही एकत्र वाचले तरच चित्र दिसतं. आणखी एक चलाखी लक्षात ठेवा, ती परीक्षेतही उपयोगी पडेल : चालू भावाने मोजलं तर तेलाचा भाव कोसळला की उत्पादनातला तेलाचा वाटा आपोआप घटतो. देश त्या वर्षी भिकेला लागलेला असतो आणि विविधीकरणाचा आकडा मात्र झकास दिसतो. ओमानने १९९५ मध्ये ‘व्हिजन २०२०’ हा आर्थिक आराखडा ठरवला तेव्हा २०२० पर्यंत उत्पादनातला कच्च्या तेलाचा वाटा ९ टक्क्यांवर आणायचं लक्ष्य होतं. मी नुकताच तिथे रुजू झालो होतो, ऑफिसात त्या कागदाची मोठी चर्चा होती. २०२० उजाडलं, करोना आला, एप्रिलमध्ये अमेरिकेतला तेलाचा वायदा चक्क शून्याच्या खाली गेला, आणि तरीही ९ टक्के काही जवळपास आले नाहीत. उलट सरकारी कर्ज देशाच्या उत्पादनाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास गेलं.

पण ओमानला नावं ठेवून मोकळं होणं अन्यायाचं होईल. या देशात तेलाची निर्यात १९६७ मध्ये सुरू झाली. सुलतान काबूस १९७० मध्ये गादीवर आले तेव्हा देशभरात तीन शाळा होत्या आणि डांबरी रस्ता दहा किलोमीटरच्या आसपास. चलन म्हणून तोवर आपल्या रिझर्व्ह बँकेने छापलेला आखाती रुपया चालत होता. पन्नास वर्षांत त्याच तेलाच्या पैशातून शाळा, इस्पितळं, वीज, विद्यापीठ उभं राहिलं. तेलाचा पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही. तो पैसा आटल्यावर चालू शकेल असं काय उभं राहिलं, एवढंच विचारायचंय.

त्याचं उत्तर पाहायला सोहार चांगलं. २००२ मध्ये ओमान सरकार आणि रॉटरडॅमच्या बंदराने मिळून तिथे बंदर काढलं. २०१४ मध्ये मस्कतच्या मुत्रह बंदरातली कंटेनरची वाहतूकही तिकडे नेली. मुत्रहला आता प्रवासी जहाजं येतात आणि पर्यटक बाजारात लोबान हुंगत फिरतात. सोहारला अ‍ॅल्युमिनियमची भट्टी आहे, वर्षाला पावणेचार लाख टनांच्या आसपास. वाले या ब्राझीलच्या कंपनीचा कारखाना आहे : लोखंडाची माती ब्राझीलहून चार लाख टनी अजस्र जहाजांतून येते, ओमानी गॅसवर भाजून तिच्या गोळ्या होतात आणि पुढे विकल्या जातात. आपल्या जिंदलांचं पोलाद तिथेच. अ‍ॅल्युमिनियम म्हणजे खरं तर घट्ट झालेली वीज; एका टनाला चौदा-पंधरा हजार युनिट लागतात. म्हणजे ओमान आपला गॅस विटांच्या रूपात निर्यात करतोय. यावर नाक मुरडणारे म्हणतात, हे काय विविधीकरण, हा तर तेलाचाच दुसरा अवतार. अर्धं खरं आहे. गिऱ्हाईक बाहेरचं, भाव तेलाबरोबर हलेलच असं नाही, आणि भट्टीवर बऱ्यापैकी ओमानी तरुण कामाला आहेत, हे सगळं जमेच्या बाजूला. पण गॅस स्वस्तात मिळतो म्हणून हा कारखाना इथे आहे, आणि गॅस काही अथांग नाही. २००८ च्या सुमारास एकीकडे ओमानच्याच सूर गावाहून द्रवरूप गॅसची जहाजं निर्यात होत होती आणि दुसरीकडे कतारहून नळाने गॅस आयात होत होता. २०१७ मध्ये ओमानमधलं खझ्झानचं गॅसक्षेत्र सुरू झालं तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

सूरचा एक धागा तर थेट तुमच्या शिवारापर्यंत येतो. तिथे २००५ मध्ये सुरू झालेल्या खत कारखान्यात इफ्को आणि क्रिभको या आपल्या सहकारी संस्थांची प्रत्येकी २५ टक्के भागीदारी. वर्षाला साडेसोळा लाख टन युरिया, आणि दीर्घ मुदतीच्या कराराने तो भारत सरकार उचलायचं. आपल्या उसाच्या सरीत पडलेल्या युरियात थोडा ओमानी गॅस असणं अगदी शक्य आहे. ओमानच्या बाजूने पाहिलं तर यात गिऱ्हाईक बाहेरचं, करार पक्का, दोन्ही गोष्टी बऱ्या. पण गॅसचा दर लांब मुदतीसाठी इतका कमी बांधून दिलेला की मलई कुणी खाल्ली यावर वाद घालता येईल.

तुमच्या अभ्यासक्रमात ‘डच रोग’ असेलच. हॉलंडला १९५९ मध्ये ग्रोनिंगेनचा गॅस सापडला, चलन महाग झालं, बाकीची निर्यात मार खाऊ लागली, आणि सत्तरच्या दशकात हे नाव पडलं. आखातात हा रोग वेगळ्या रूपात होतो आणि पुस्तकांत तो नीट सांगितलेला मला आढळला नाही. ओमानी रियाल १९८६ पासून २.६००८ डॉलरला बांधलेला आहे, त्यामुळे चलन वर जात नाही. महाग होतो तो नागरिकाचा पगार. तेलाचा पैसा सरकारकडे, सरकार तो वाटतं नोकरीच्या रूपाने. ओमानी नागरिकासाठी खाजगी क्षेत्रातलं किमान वेतन २०१३ मध्ये महिना ३२५ रियाल झालं. आमच्या यार्डात त्याच कामाला सोलापूरचा किंवा सिल्हेटचा माणूस त्याच्या तिसऱ्या हिश्शात, वर कॅम्पमध्ये राहायला तयार. आणि मंत्रालयातली नोकरी दुपारी सुटणारी, पेन्शनची, इज्जतीची. मग ओमानी पोराने काँक्रीटच्या प्लँटवर का यावं? आणि मालकाने त्याला का घ्यावं? इतके टक्के ओमानी ठेवायचेच या सरकारी कोट्यासाठी घ्यायचे. नाव हजेरीपटावर, पगार बँकेत, माणूस घरी. असे दोन माझ्याही पगारपत्रकात होते, खोटं कशाला बोलू.

२०११ च्या फेब्रुवारीत याच सोहारला गोल चौकात तरुण रस्त्यावर उतरले. एवढी मोठी वसाहत, एवढे कारखाने, आणि आम्हाला काम नाही. सरकारने पन्नास हजार नोकऱ्या जाहीर केल्या, बेकारांना महिना १५० रियाल भत्ता. तेव्हा तेल चढं होतं, परवडलं. २०१८ मध्ये तेल उतरलेलं असताना ८७ प्रकारच्या नोकऱ्यांसाठी परदेशी माणसांचे नवे व्हिसा बंद केले. आमच्या खात्यातल्या दोन जागांना त्याचा फटका बसला. रागावलो होतो तेव्हा. आता वाटतं, त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं, फक्त पंधरा वर्षं आधी.

कारण गळती इथे आहे. तेलाबाहेरच्या त्या सत्तर टक्क्यांतला पगाराचा मोठा हिस्सा महिनाअखेरीस मनी एक्स्चेंजच्या खिडकीतून केरळ, ढाका, रत्नागिरीला जातो. आमच्या गावी मनीऑर्डर यायची, ओमानातून ती जाते. महाड, श्रीवर्धन, दापोलीकडच्या कितीतरी मोहल्ल्यांतली पक्की घरं या खिडकीतून गेलेल्या पैशांची आहेत. मी तक्रार करतोय असं समजू नका, पुण्यातला माझा फ्लॅटही तिथूनच आला.

आता दुसरा प्रश्न : कुणी सुटलंय का?

लोक पटकन दुबई म्हणतात. दुबईच्या उत्पादनात तेल आज एक-दोन टक्के, हे खरं. पण दुबई तेलातून सुटली हे वाक्यच उलटं आहे. ती आधी बाजारपेठ होती, मध्ये थोडं तेल लागलं. दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी १९५९ मध्ये खाडीतला गाळ काढायला घेतला तो उसन्या पैशावर, तेल सापडायच्या सात वर्षं आधी. साठच्या दशकात लंडनहून विमानाने दुबईला राजरोस आलेलं सोनं गलबतांतून मुंबईच्या किनाऱ्याला चोरून उतरायचं. आपल्या आयातबंदीने दुबईच्या व्यापाऱ्यांचं किती भलं केलं याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. तेल १९६६ मध्ये लागलं, आणि ते फार नाही हे राज्यकर्त्यांना लवकर कळलं. हे त्यांचं नशीब. त्या पैशातून १९७२ मध्ये पोर्ट रशीद, १९७९ मध्ये जेबेल अली हे दुसरं बंदर, १९८५ मध्ये तिथे मुक्त क्षेत्र आणि त्याच वर्षी विमान कंपनी, तीही पाकिस्तानकडून भाड्याने घेतलेल्या विमानांनी सुरू. तेलाचं उत्पादन १९९१ च्या सुमारास माथ्यावर पोचून घसरलं, तोवर बाकीचं चालू झालेलं होतं. तरीही २००९ च्या नोव्हेंबरमध्ये कर्जाचे हप्ते थकले तेव्हा धावून आली ती अबू धाबी, म्हणजे तेलच. जानेवारी २०१० मध्ये उद्घाटनाच्या दिवशी बुर्ज दुबईचा बुर्ज खलिफा झाला, अबू धाबीच्या शेख खलिफांच्या नावाने, तो उगाच नव्हे.

खरोखर सुटलेला देश म्हणून मी इंडोनेशियाचं नाव घेईन, आणि त्याची चर्चा फार कमी होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या निर्यातीत तेल-गॅस चार पंचमांशांच्या घरात होतं. नव्वदच्या मध्यापर्यंत पावपट उरलं. केलं काय? तेलाचा पैसा गावाकडे गेला. १९७३ नंतरच्या पाच-सहा वर्षांत साठ हजारांहून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या. गॅसचा युरिया करून भातशेतीला घातला; जगातला सर्वांत मोठा तांदूळ-आयातदार १९८४ मध्ये स्वयंपूर्ण झाला. आणि १९७८, १९८३, १९८६ अशी तीनदा रुपिया या आपल्या चलनाची किंमत मुद्दाम पाडली, म्हणजे कापड, बूट, प्लायवूड बाहेर विकणाऱ्याला परवडावं. २००९ च्या सुरुवातीला तर ते ओपेक या तेल-निर्यातदार देशांच्या संघटनेतूनच बाहेर पडले, कारण विकायला जास्तीचं तेलच उरलं नव्हतं. हे सगळं साधुसंतांच्या राज्यात झालं नाही. १९७५ मध्ये त्यांची सरकारी तेल कंपनी दहा अब्ज डॉलरच्या वर कर्जात बुडाली होती, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या गोतावळ्याच्या कथा तर सर्वांना माहीत आहेत. पण त्यांच्याकडे कमी पगारात काम करायला तयार असलेले स्वतःचेच कोट्यवधी नागरिक होते. ओमान, कुवेत, कतारकडे ते नाहीत. म्हणून इंडोनेशियाचा काढा आखाताला लागू पडणार नाही. रियालची किंमत पाडली तर तांदूळ आणि मजुरी महाग होईल, आणि विकायला जे आहे ते तसंही डॉलरमध्येच विकलं जातंय.

नॉर्वे आणि कुवेत यांनी वेगळा मार्ग धरला : धंदे वाढवण्याऐवजी पैसे साठवायचे. कुवेतने १९५३ पासून परदेशात गुंतवायला सुरुवात केली, १९७६ पासून उत्पन्नाचे दहा टक्के पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला. १९९० मध्ये इराकने देश गिळला तेव्हा त्याच गंगाजळीवर परागंदा सरकार आणि नागरिक तगले. पण पुंजी आहे म्हणून बाकीचं काही करायची निकड वाटली नाही, हेही तितकंच खरं. नॉर्वेने आपल्या फंडातून दरवर्षी फार तर चार टक्के, २०१७ पासून तीन टक्के खर्चायचा दंडक घालून घेतला, आणि लोकांवरचे कर कधी काढले नाहीत.

नायजेरियाबद्दल एकच गोष्ट सांगतो, काँक्रीटवाल्याला ती विसरता येत नाही. १९७५ मध्ये तेलाच्या पैशाच्या धुंदीत त्यांनी दोन कोटी टनांच्या आसपास सिमेंटची ऑर्डर दिली. लागोसचं बंदर वर्षाला फार तर दहा लाख टन उतरवू शकत होतं. शेकडो जहाजं बाहेर नांगर टाकून महिनोन्महिने उभी, उशिराचा दंड चालू, आणि सिमेंट पोटातच गोठलेलं. ज्या देशात कानो शहरात भुईमुगाच्या पोत्यांचे डोंगर रचले जायचे, तिथे काही वर्षांत शेती निर्यातीच्या यादीत शोधावी लागू लागली.

सौदीचं मात्र सावकाश सांगायला हवं, कारण तिथे सगळ्यात मोठा डाव चालू आहे आणि सगळ्यात महागडी चूकही तिथेच झाली. विविधीकरण हे सौदीच्या पहिल्या, १९७० च्या पंचवार्षिक योजनेतलंच उद्दिष्ट. सत्तरच्या अखेरीस त्यांनी ठरवलं की वाळवंटात गहू पिकवायचा. सरकार शेतकऱ्याकडून जागतिक भावाच्या कितीतरी पट दराने गहू घेई. पंपाला, यंत्राला, डिझेलला सवलत. रियाधहून कसीमकडे विमानाने जाताना खाली हिरवी गोल चकंदळं दिसत, प्रत्येकाच्या मधोमध एक बोअर आणि त्याभोवती फिरणारा पाण्याचा लांबलचक हात. १९९२ च्या सुमारास उत्पादन चाळीस लाख टनांवर गेलं आणि सौदी अरेबिया जगातला सहावा मोठा गहू-निर्यातदार झाला. तेलाबाहेरचं क्षेत्र, निर्यातही होतेय, ओमानच्या तक्त्यात बसवलं असतं तर पैकीच्या पैकी गुण! पण ते पाणी हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं, परत न भरणारं. पाणी खोल गेलं, तिजोरीला भार सोसेना, २००८ मध्ये खरेदी हळूहळू बंद करायचा निर्णय झाला आणि २०१६ मध्ये ती थांबली. एक साठा उपसून मिळालेल्या पैशावर त्यांनी दुसरा साठा उपसला.

म्हणून माझ्या वसुलीवाल्या कसोटीला एक पुरवणी जोडायला लागते. गिऱ्हाईक बाहेरचं असलं तरी मालाची खरी किंमत कोण भरतंय तेही बघा.

२०१६ च्या एप्रिलमध्ये सौदीचं ‘व्हिजन २०३०’ आलं. वाळवंटातला निओम प्रकल्प, त्यातलं १७० किलोमीटर लांबीचं सरळ रेषेतलं शहर, हे सगळं तुम्ही व्हिडिओत पाहिलं असेल. २०२४ मध्ये त्या शहराचा पहिला टप्पा दोन-अडीच किलोमीटरवर आल्याच्या बातम्या आल्या. माझ्या ओळखीतल्या सबकंत्राटदारांना त्यात नवल वाटलं नाही. बांधकाम म्हणजे तेलाचा पैसा खर्च करणं, कमावणं नव्हे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण सौदीत व्हिडिओत न दिसणाऱ्या दोन गोष्टी बदलल्या, आणि मी पैज लावायची तर त्यांच्यावर लावेन. एक, बायका कामाला लागल्या. २०१८ मध्ये गाडी चालवायची मुभा मिळाली. नोकरी-धंद्यात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या सौदी बायकांचं प्रमाण दहा वर्षांच्या आत पाचव्या हिश्शाच्या खालून तिसऱ्या हिश्शापर्यंत गेलं. ओमानमधून निघायच्या वर्षी सौदीतल्या दम्मामच्या मॉलमध्ये माझं बिल एका सौदी मुलीने केलं, झपाट्याने. १९९० च्या दशकात त्या काउंटरवर हैदराबादचा माणूस असायचा. दोन, कर. व्हॅट २०१८ मध्ये ५ टक्के, २०२० च्या जुलैत एकदम १५.

कर हीच मला सगळ्यात मोठी खूण वाटते. तेलदेशाचं सरकार लोकांना देतं, लोकांकडून घेत नाही. त्यामुळे लोकांचा धंदा चालला काय, बुडाला काय, तिजोरीला फरक पडत नाही. धंद्यातून कर मिळायला लागला की मंत्रालयातल्या माणसाला प्रथमच वाटतं की या कारखान्याचा परवाना तीन महिने अडकू नये. ओमानने एप्रिल २०२१ मध्ये ५ टक्के व्हॅट आणला, खर्चाला कात्री लावली, तेल चढलं तेव्हा पैसे उधळण्याऐवजी कर्ज फेडलं, आणि सत्तर टक्क्यांवरचं कर्ज २०२४ पर्यंत पस्तिशीच्या आसपास आणलं. आणि २०२५ मध्ये आखातात कुणीच न केलेली गोष्ट केली : व्यक्तिगत आयकराचा कायदा. २०२८ पासून, वर्षाला ४२ हजार रियालच्या वरच्या उत्पन्नावर ५ टक्के. भरतील मूठभर लोक. पण फॉर्म छापले जातील, खातं उभं राहील, हिशेब ठेवायची सवय लागेल. मी तिथे होतो तेव्हा ‘आयकर’ हा शब्द दिवाणखान्यातही कुणी उच्चारत नसे.

तेव्हा ओमान सुटलं का, तर नाही. पण १९९५ पेक्षा आज मला जास्त भरवसा वाटतो, आणि त्याचं कारण दुक्मचं नवं बंदर, तिथली २०२४ मध्ये सुरू झालेली रिफायनरी किंवा हरित हायड्रोजनचे करार हे नाही. कर्जफेड आणि कर हे आहे.

भावाला विचारून घ्या, त्याच्या कारखान्याच्या फाटकातून भरलेला ट्रक निघतो तो बंदराकडे वळतो की मस्कतच्या हमरस्त्याकडे. बंदराकडे वळत असेल तर त्याने चार वर्षं निश्चिंत काढावीत. मस्कतकडे वळत असेल तर २०२० मध्ये पगार किती महिने उशिरा झाले होते ते जुन्या माणसांकडून काढून घ्यावं, आणि वर्षभराचा घरखर्च वेगळा ठेवावा. आयकराची काळजी त्याने करू नये. ४२ हजार रियालच्या वर त्याचा पगार गेलाच, तर कर खुशीने भरावा आणि मला चितळ्यांकडून अर्धा किलो पेढे पाठवावेत.